मुलीची फी, आईची नोकरी आणि मंडळात घेतलेली पॉलिसी

अमेरिकेतल्या एका वाचक ताई लिहितात: "मी एका नामांकित खासगी विद्यापीठात लॅब सांभाळते, पगार 80,000 डॉलर. मुलगी बारावीत आहे. माझ्याच विद्यापीठात अर्ली डिसिजनने (प्रवेश मिळाला तर तिथेच जाण्याचं बंधन असलेला लवकरचा अर्ज) अर्ज करावा का? इथे प्रवेश मिळाला तर 75 टक्के ट्यूशन माफ. बाहेर शिकली तर इथल्या ट्यूशनच्या 40 टक्क्यांपर्यंत मदत. उरलेल्या खर्चासाठी मराठी मंडळातल्या ओळखीच्या एजंटकडून आययूएल (शेअर बाजाराच्या निर्देशांकाशी परतावा जोडलेली आयुर्विमा) पॉलिसी घेतली आहे, महिना 900 डॉलर, पाच वर्षं झाली. त्यामुळे 403(बी) या नोकरीतल्या निवृत्ती खात्यात काही टाकणं जमत नाही. त्यात मी टाकीन तेवढीच भर विद्यापीठ पगाराच्या पाच टक्क्यांपर्यंत घालतं."

ताई, आधी अर्जाचं बोलू. तुम्ही दिलेल्या आकड्यांनुसार इथली ट्यूशन 65,000. माफीनंतर उरतात सुमारे 16,000, राहण्या-जेवणाचे 20,000, म्हणजे वर्षाला 36,000. तुमच्या राज्याच्या सरकारी विद्यापीठाची ट्यूशन 18,000, आणि तुमची 40 टक्क्यांची मदत 26,000 पर्यंत जाते. म्हणजे ट्यूशन पूर्ण निघाली, राहिले फक्त राहण्या-जेवणाचे 15,000. चार वर्षांत 84,000 चा फरक! अर्ली डिसिजनमध्ये प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात, मग ही तुलना करायला जागाच उरत नाही. तेव्हा दोन्हीकडे रेग्युलर अर्ज करा. आणि आई तिथे काम करते म्हणून प्रवेश होईल, हे कृपया धरून चालू नका. फीमाफी प्रवेश मिळाल्यानंतरची गोष्ट आहे. तिला स्वतःला कुठे जायचंय, हे पत्रात एका ओळीतही नाही, तेही विचारा.

पण मला खरी काळजी वाटली ती पॉलिसीची. तुम्ही जोडलेल्या स्टेटमेंटवर "ॲक्युम्युलेशन व्हॅल्यू" 44,000 आहे आणि त्याखालच्या ओळीत "सरेंडर व्हॅल्यू" 27,000. तुमच्या हाती येणारा आकडा खालचा. भरलेत 54,000, आणि कॉलेज पुढच्या वर्षी! सरेंडर चार्ज, म्हणजे पॉलिसी लवकर मोडल्याचं शुल्क, बहुधा दहा-पंधरा वर्षं चालतो, म्हणजे बारा वर्षांच्या मुलीच्या कॉलेजसाठी ही पॉलिसी विकायलाच नको होती. एजंटने दाखवलेल्या तक्त्यातले साडेसहा टक्के ही हमी नाही. परताव्याला वरून कॅप, म्हणजे कमाल मर्यादा, असते, शेअर बाजाराचा लाभांश त्यात धरत नाहीत आणि विम्याचा खर्च वयाबरोबर वाढत जातो. "एफएएफएसएत (कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या सरकारी अर्जात) ही रक्कम दिसत नाही" असंही तुम्हाला सांगितलं गेलं. अहो, 403(बी)मधली शिल्लकही तिथे मालमत्तेत धरत नाहीत!

आणि त्या 403(बी)चं काय झालं? पगाराचे पाच टक्के म्हणजे वर्षाला 4,000. विद्यापीठाचे आणखी 4,000. पाच वर्षांत विद्यापीठाचेच 20,000 डॉलर तुम्ही सोडून दिलेत. हातचं सोडून पळत्याच्या पाठी, दुसरं काय म्हणू?

याच आठवड्यात एचआरला सांगून पाच टक्के सुरू करा. फीमाफीसाठी किती वर्षांची नोकरी लागते आणि नोकरी सुटली तर मुलीच्या उरलेल्या सेमिस्टरचं काय, हेही तिथेच लेखी विचारा. मग पाच लाख डॉलरचा टर्म विमा काढा. तब्येत ठीक असेल आणि तंबाखू-सिगारेट नसेल तर तुमच्या 46 व्या वर्षी महिना शंभर डॉलरच्या आत मिळावा. तो हाती पडल्यावरच आययूएल सरेंडर करा, आधी नाही. भरल्यापेक्षा कमी परत येतंय, त्यामुळे त्यावर कर लागणार नाही. एजंट "आणखी पाच वर्षं थांबा" म्हणतील. थांबलात तर आणखी 54,000 जातील. मिळालेले 27,000 पहिल्या दोन वर्षांच्या राहण्या-जेवणासाठी साध्या बचत खात्यात ठेवा. सरकारी विद्यापीठ ठरलं, तर ते जवळजवळ पुरतात.