‘स्थानिक नागरिकांच्या मदतीने’

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री साडेअकराचा मेसेज सकाळी वाचला. यादीचा फोटो चष्मा लावून दोनदा पाहिला. वर्धापन दिनाला महापालिका सत्कार करणार त्यांची ४२ नावं. गेल्या पावसाळ्यात नाल्यात वाहून चाललेली दोन पोरं वाचली, त्या प्रसंगाखाली ५ नावं आहेत, आणि ते पाचही जण पोरं काठावर आल्यानंतर तिथं पोचले होते, हे तूच लिहिलंस. पाण्यात उतरलेले दोघं कंत्राटी कामगार होते आणि खात्यात त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. साहेब म्हणाले, “खाली ‘व इतर कर्मचारी’ असं टाका, शुक्रवारी यादी छपाईला जातेय.” आणि तू मला विचारतेस, “काका, मी साधी लिपिक. यात मी काय करणार?”

हे चुकीचं आहे हे तुला कळतं, म्हणून तर झोप लागली नाही. तेव्हा त्यावर मी शाई घालवत नाही. काय करायचं तेवढं सांगतो. नाव लिही. त्या दोघांची पूर्ण नावं, तारीख, वेळ, जागा आणि त्यांनी काय केलं ते. बाकी सगळं नंतर.

तुला वाटेल, काका अग्निशमन दलातून निवृत्त झाले, यांना सोपं आहे. म्हणून २००५ सालचं सांगतो, तुझे बाबा आणि मी तेव्हा एकाच बंबावर होतो. तुझ्या बाबांनी घरी कधी सांगितलं असेल असं वाटत नाही, ते बोलणारे नाहीत.

पुराची तिसरी रात्र होती. नदीकाठच्या वस्तीत पत्र्यावर माणसं अडकल्याची वर्दी आली. बंब पाण्याच्या अलीकडे उभा करून आम्ही बोट घातली आणि वीस-पंचवीस हातांवर जाताच पंख्यात जलपर्णी गुंतून इंजिन बंद पडलं. अंधार, वरून पाऊस, पत्र्यावरून बायकांचं ओरडणं. तेवढ्यात एक माणूस पाण्यातूनच आमच्याजवळ आला. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, काखेत ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब, कमरेला दोर. वाळूच्या होडीवर काम करणारा होता. आम्ही सरळ वल्हवायला लागलो तसा तो म्हणाला, “साहेब, तिकडनं नको. तिथं खाली विहीर हाय, पाणी फिरतंय.” आमच्याकडे शहराचा नकाशा होता, त्या विहिरीची खूण त्यावर नव्हती. त्यानं बोटीचा दोर धरून आम्हाला वळसा घालून नेलं. बोटीत एका वेळी चौघं बसत होती. उरलेल्यांना त्यानं ट्यूबवर घालून स्वतः पोहत आणलं. ७ माणसं बाहेर आली, त्यातली एक बाळंतीण. तिचं पोर त्यानं त्याच गोणीत गुंडाळून डोक्यावर धरलं होतं. काठावर आल्यावर तुझ्या बाबांनी त्याला बंबातला आपला कोरडा शर्ट दिला. त्यानं तो घातला आणि पुन्हा अंधारात गेला, पलीकडे कुणाची तरी म्हैस अडकली होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी स्टेशनात बसून मी अहवाल लिहिला. वाक्य अजून पाठ आहे. ‘स्थानिक नागरिकांच्या मदतीने ७ इसमांना सुखरूप बाहेर काढण्यात आले.’

काढण्यात आले. कुणी काढलं? आपल्या सरकारी मराठीत ही एक मोठी सोय आहे. ‘करण्यात आले’, ‘देण्यात आले’, ‘वाचवण्यात आले’. काम आपोआप होतं, करणारा माणूस वाक्यातूनच गायब होतो. तू रोज टिपणी लिहितेस, तुलाही आता ती सवय लागली असेल. मोड ती.

तू म्हणशील, काका, नाव विचारायला कितीसा वेळ लागला असता? दहा सेकंद. मला माहीत आहे. पण मी ३८ तास जागा होतो. अहवालाच्या नमुन्यात वाहन क्रमांक, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, वापरलेली साधनं, मनुष्यबळ, सगळ्याला रकाने होते. बाहेरच्या माणसाचं नाव लिहायला रकाना नव्हता. शिवाय त्या आठवड्यात अशा कितीतरी वर्द्या झाल्या, प्रत्येक ठिकाणी गावातली पोरं दोर धरायला आली होती. सगळ्यांची नावं कोण कुठं लिहीत बसणार? आम्ही माणसं काढत होतो, यादी करत नव्हतो. हे सगळं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आलोय, आणि यातलं एकही खोटं नाही. तरीसुद्धा दहा सेकंद होते. त्याला शर्ट दिला तेवढा वेळ होता ना.

पुढल्या वर्षी जिल्ह्याच्या कार्यालयातून पत्र आलं. पुरात जीव धोक्यात घालून इतरांना वाचवणाऱ्या नागरिकांची नावं कळवा, जीवन रक्षा पदकासाठी प्रस्ताव पाठवायचे आहेत. हे केंद्र सरकारचं पदक. सर्वोत्तम, उत्तम आणि साधं जीवन रक्षा असे त्याचे तीन वर्ग आहेत. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत प्रस्ताव जावा लागतो, सोबत पुरावा लागतो. ‘स्थानिक नागरिक’ असं प्रस्तावात लिहिता येत नाही. मी त्या वस्तीत तीनदा गेलो. निम्मी घरं दुसरीकडे हलवलेली, वाळूच्या होड्या बंद, होडीवरची माणसं कामाच्या मागे कुठं कुठं पांगलेली. तो आला ते सगळ्यांना आठवत होतं, नाव कुणालाच माहीत नव्हतं. एका म्हातारीनं सांगितलं, “गोणीवाला म्हणायचो आम्ही.” आम्ही कुणाचंच नाव पाठवू शकलो नाही.

आणि त्याच वर्षी, त्याच वर्दीसाठी, महापालिकेनं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. मी गेलो, वाकून घेतलं, फोटो काढला. तो फोटो तुझ्या काकूनं बाहेरच्या खोलीत लावला होता. २००९ मध्ये मी तो उतरवला तेव्हा ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

म्हणून सांगतो, नाव लिही.

मानपत्राचा मसुदाही तूच लिहिणार आहेस ना? मग ‘उल्लेखनीय कार्याबद्दल’ हे शब्द त्यात घालू नकोस. ते कुणालाही चालतात, म्हणजे ते कुणाचेच नाहीत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या केबिनमध्ये बसून राहिले आणि गोळीबार चालू असताना माइकवरून प्रवाशांना सांगत राहिले की मुख्य इमारतीकडे येऊ नका, फलाट क्रमांक एकच्या बाजूनं बाहेर पडा. हे एवढं वाक्य लिहिलं की पुढं ‘शौर्य’ वगैरे लिहायची गरज उरते का? माणूस कोण, कुठं होता, काय केलं. मानपत्र एवढंच असतं. कार्यक्रमाला आलेल्या शाळेच्या पोरांना ते ऐकून कळलं पाहिजे की अशी वेळ आली तर आपण काय करायचं. ‘उल्लेखनीय कार्य’ ऐकून त्यांना काय कळणार?

एप्रिलमध्ये १४ ते २० आपला अग्निशमन सेवा सप्ताह असतो, त्याचं कारण तुला लहानपणापासून माहीत आहे. बाबा तुला खांद्यावर घेऊन संचलनाला यायचे. १४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी, ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज. पोटात कापसाच्या गाठी आणि चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं. दुपारी चारच्या सुमारास ते फुटलं. दलाचे ६६ जवान गेले. ६६, हा आकडा पक्का आहे. पण त्या दिवशी एकूण माणसं किती गेली? आठशे म्हणतात, तेराशेही म्हणतात. पाचशे माणसांचा फरक, पोरी! गोदीतले हमाल, आजूबाजूच्या चाळींतली बिऱ्हाडं, वाटेनं जाणारे. माझी समजूत अशी की जवानांचा आकडा पक्का राहिला तो हजेरीपटामुळे. सकाळी ज्याचं नाव पुकारलं होतं तो संध्याकाळी आला नाही, हे कळायला कागद होता. हमालाचं नाव सकाळी पुकारलंच नसेल तर संध्याकाळी तो नाही हे कुणाला कळणार? भायखळ्याच्या मुख्यालयात दरवर्षी त्या ६६ जणांना मानवंदना देतात. उरलेल्यांचा नक्की आकडासुद्धा आपल्याकडे नाही.

तुझ्या नाल्यातल्या दोघांचं तसंच आहे. ते ठेकेदाराच्या हजेरीवर असतील, तुमच्या नाही. उद्या त्यांच्यातला एखादा मॅनहोलमध्ये गुदमरला तर? सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं की १९९३ पासून गटार सफाईत मेलेल्यांच्या कुटुंबांना शोधा आणि १० लाख द्या. २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. पण शोधायचं कुणाला? ज्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही त्याच्या बायकोनं कुठला कागद घेऊन जायचं? तू त्यांचं नाव महापालिकेच्या कागदावर आणलंस, तर ती माणसं आपल्याकडे काम करत होती एवढं तरी सिद्ध राहील. शालीचं मला फार कौतुक नाही, त्या कागदाचं आहे.

आता ऐक, आणि इथं चिडू नकोस. यादीतल्या ५ जणांची नावं कापायला जाऊ नकोस. त्यात कुणी कुणाचा माणूस आहे हे तू लिहिलंस, मला आश्चर्य वाटलं नाही. नाव कापायला गेलीस की भांडण होईल, तुझी बदली होईल आणि त्या दोघांची नावं यादीबाहेर राहतील ती राहतीलच. नावं वाढव. ४२ ची ४४ कर. दोन सन्मानचिन्हं जास्त लागतील, फार तर दोन खुर्च्या. त्याला कुणी उघड विरोध करत नाही, लाज वाटते. आणि तोंडी बोलू नकोस. टिपणी लिही, दोन पानांची नको, सहा ओळींची. प्रसंग, तारीख, दोन नावं, त्यांनी काय केलं, ज्यांनी पाहिलं त्यांची साक्ष. जावक क्रमांक घाल. साहेबांनी नामंजूर केली तरी टिपणी फायलीत राहते आणि वीस वर्षांनी कुणी शोधायला आलं तर सापडते. मला सापडलं नव्हतं.

माझा हट्ट कुठवर गेला तेही तुला कळू दे, म्हणजे मी नुसतं सांगतोय असं वाटणार नाही. २०११ मध्ये गोदामाची आग लागली तेव्हा आम्ही ११ जण होतो. सत्कारासाठी माझ्यासकट ४ नावं निघाली. चालकाचं नाव नव्हतं, कारण वर कुणीतरी म्हणालं, “ड्रायव्हर काय, बंब लावून उभा होता.” पाच तास तुझे बाबा पंपावर उभे होते. आत आम्ही धुरात, हातात ब्रँच, म्हणजे होजच्या तोंडाची नळी, पुढचं काही दिसत नाही. होजमधलं पाणी एक मिनिट बसलं असतं तर आम्ही तिथंच राहिलो असतो. ते एक मिनिट आलं नाही, कारण एक माणूस पंपाच्या दाबाच्या काट्यावरची नजर न काढता पाच तास उभा होता. त्याचं नाव नसेल तर मी मंचावर येणार नाही असं मी लेखी कळवलं. नाव आलं नाही, मी गेलो नाही. लोक म्हणाले शिष्ट आहे, आणि पुढची बढती मला दोन वर्षं उशिरा मिळाली. त्याचा याच्याशी संबंध होता की नाही हे मी कधी विचारलं नाही. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. काकू म्हणते, तू त्या गोणीवाल्याचं देणं असं फेडत बसलास. असेल. पण ते फेडायला दुसरी जागाही नव्हती. तुझ्या बाबांचं नाव मी माझ्या अहवालात पहिल्या ओळीत घातलं आहे, ‘अमुक यांनी सलग पाच तास पंपाचा दाब कायम ठेवला’ असं. कधी जुन्या फायली बघायला मिळाल्या तर बघ.

शुक्रवारला तीन दिवस आहेत आणि तू अजून त्या दोघांना भेटलीसुद्धा नाहीस, याचा मला राग आला. फोनवर ठेकेदाराला विचारून काही होणार नाही, तो त्याच्या सोयीची नावं देईल. उद्या सकाळी सहाला आरोग्य कोठीवर जा. मुकादम हजेरी घेत असतो तेव्हा सगळे एका जागी असतात, साडेसहानंतर कुणी सापडणार नाही. ऑफिसची म्हणून जाऊ नकोस, दचकतील. चहा सांग, बस. पूर्ण नाव विचार, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, आणि त्यांच्यासमोर लिही. लिहिलेलं वाचून दाखव. सत्काराला यायला रोजंदारी बुडते, तर त्या दिवसाची हजेरी लागेल याची सोय तुझ्या टिपणीत आधीच मागून ठेव, नाहीतर नाव छापून येईल आणि खुर्ची रिकामी राहील. कार्यक्रमात कुणी त्यांना ‘हे दोघे’ म्हणालं तर सूत्रसंचालकाच्या हातात कागद तूच दे.

आणि एक माझं काम कर. बाबांना विचार, २००५ च्या त्या रात्री शर्ट देताना ते त्या माणसाशी काहीतरी बोलत होते. मी बोटीचा दोर बांधत होतो, मला ऐकू आलं नाही. तेव्हा एकदा विचारलं तर म्हणाले, आठवत नाही. पण आता त्यांना जुनं जास्त आठवतं असं तूच मागे म्हणालीस. नुसतं आडनाव आठवलं तरी चालेल, गावाचं नाव आठवलं तरी चालेल. वही घेऊन बस आणि जे सांगतील ते लगेच लिही.

तुझा,
काका