पहिला गेम हाती घेताना

नोकरी सोडून व्हिडिओ गेम बनवण्याचा, आणि पहिलाच गेम अनेकांनी एकत्र ऑनलाइन खेळण्याचा करण्याचा आपला बेत कळला. उत्साह पाहून आनंद झाला. मात्र हा बेत तूर्त बाजूला ठेवावा आणि काही आठवड्यांत खरोखर संपेल एवढाच लहान गेम हाती घ्यावा. इंजिनच्या, म्हणजे गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या, निवडीत फार घोळ घालू नये. गोडो हे इंजिन विनामूल्य व मुक्तस्रोत आहे, तेवढे पुरे.

नवखे हमखास चुकतात त्या जागा अशा:

- चित्रांपासून सुरुवात करणे. साध्या चौकोनालाच उडी मारायला लावून पाहावे. बटण दाबल्यावर तो रेंगाळत असेल, तर सुंदर चित्रांनी ते झाकले जात नाही.
- चाचणी घेताना शेजारी बसून समजावत राहणे. गप्प बसावे (हे वाटते त्याहून अवघड आहे) आणि खेळणारा कोठे अडतो ते टिपून घ्यावे.
- गेम तयार झाल्यावरच त्याची वाच्यता करणे. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात 100 डॉलर शुल्क भरल्यावर प्रकाशनाआधीच गेमचे पान उघडता येते. ते प्रकाशनाच्या किमान दोन आठवडे आधी उघडण्याची अट आहे, परंतु काही महिने आधी उघडलेले बरे.

प्रकाशकांशी करार आणि कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळण्याची यंत्रे) यांविषयी पहिला गेम पूर्ण झाल्यावर अवश्य विचारावे.