घरातलं माणूस गेल्यावर पहिल्याच वर्षी ठरलेल्या सहलीला जावं का?

तुम्ही लिहिलंय की आजोबा चैत्रात गेले. दसऱ्याआधी सगळ्या घराने मिळून एक दिवस बाहेर पडायचं हा पायंडा त्यांचाच. यंदा नेमका त्याच आठवड्यात पुतणीचा पहिला वाढदिवस आलाय, आणि घरात काही जण म्हणतात जाऊ या, काही म्हणतात वर्ष होईपर्यंत काहीच नको. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: जा. का ते सांगायचं तर आमच्या आक्काबद्दल लिहावं लागेल, तेव्हा थोडं लांबेल.

आक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण. टेलिफोन ऑपरेटर होती. लग्न केलं नाही, बोरिवलीत आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायची. आम्ही, काकांची मुलं, पुढे आमची मुलं, सगळेच तिला आक्का म्हणायचो. गणपती गेले की तिचे फोन सुरू व्हायचे, "रविवार मोकळा ठेवा." कुठे जायचं, किती वाजता निघायचं, कोणी काय आणायचं, सगळं तीच ठरवायची. कधी कर्नाळा, कधी वसईचा किल्ला. 2012 साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कासच्या पठाराचं नाव तिने पेपरात वाचलं आणि पुढच्याच वर्षी आम्हा सगळ्यांना साताऱ्याला नेलं. तिथे लोक उभे राहून सोनकी-तेरड्याच्या गालिच्याचे फोटो काढत होते. आक्का मात्र दुखऱ्या गुडघ्यांनिशी वाटेच्या कडेला खाली बसली, पिशवीतून आजोबांचं पितळी मुठीचं भिंग काढलं आणि एकेका मुलाला जवळ ओढून सीतेची आसवं दाखवली. नखाएवढं जांभळं फूल. मुळाशी ओल्या मातीत बारीक बारीक पिशव्या असतात, त्यांत ते पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतं, हे तिने सांगितलं तेव्हा काकांच्या नातवाने झटकन हात मागे घेतला होता.

पण तिचं खरं प्रेम कारवीवर. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीच्या वरच्या उतारांवर ही झुडपं दाट वाढतात. आठ वर्षांतून एकदाच सगळी मिळून फुलतात आणि फुलून झाली की वाळतात. अधल्यामधल्या वर्षी एखादं झुडूप फुललेलं दिसतं, पण अख्खा डोंगर निळा-जांभळा होतो तो आठ वर्षांनीच: 2000, 2008, 2016, 2024. आमच्या घराच्या तारखा आक्का याच हिशेबाने सांगायची. मी पहिली कारवी पाहिली तेव्हा दहा वर्षांची होते. 2008 च्या कारवीला माझी बारावी झाली होती. 2016 च्या कारवीला नवरा पहिल्यांदा आमच्याबरोबर आला. त्या दिवशी परतताना बसमध्ये ती म्हणाली होती, "आता चोवीस साली. तेव्हा मी ऐंशीची."

ऐंशी पुरी व्हायला दोन महिने होते. जून 2024 मध्ये आक्का गेली.

सप्टेंबरात कारवी फुलल्याच्या बातम्या आल्या आणि तुमच्याकडे आज जे चाललंय तेच आमच्याकडे सुरू झालं. बाबा गप्पच. चुलतभाऊ म्हणाला, तिच्यासाठी म्हणून तरी जायलाच हवं. काकांनी साफ नकार दिला. वर्ष व्हायचंय, त्यातून पितृपक्ष, आणि तिच्याशिवाय तिथे कशाला जायचं? शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज फुटला, त्यामुळे पुढे कोणी काही बोललं नाही. मीही नाही. खरं सांगायचं तर रीतभात आडवी येत नव्हती. सुतक दहा दिवसांत फिटलं होतं, तेराव्याला गोडाचं जेवणही झालं होतं. आडवं येत होतं ते दुःखच, फक्त प्रत्येक जण त्याला वेगळं नाव देत होता. तुमच्या घरी "नको" म्हणणाऱ्यांशीही शास्त्रावरून वाद घालू नका, ही माझी कळकळीची विनंती. त्यांना बहुतेक भीती वाटत असते, की तिथे गेलो आणि रडू आवरलं नाही तर काय.

आमचा तिढा आक्काच्या वहीने सोडवला. प्रत्येक सहलीनंतर ती एका लांबट वहीत चार ओळी लिहायची: तारीख, किती जण, खर्च किती, आणि एखादी नोंद, जसं "चिमीचा पुढचा दात बसमध्ये पडला." तिचं कपाट आवरताना आईला ती वही सापडली होती. आईने काही न बोलता त्यातलं एक पान उघडून काकांच्या पुढ्यात ठेवलं.

"17 सप्टेंबर 2000, रविवार. कान्हेरी. कारवी. नऊ जण. आईनंतरची पहिली सहल. धाकटा येत नव्हता, आणला. पुऱ्या कमी पडल्या."

धाकटा म्हणजे काका. आई म्हणजे माझी आजी, ती त्याच वर्षी फाल्गुनात गेली होती. आणि ती तारीखही पितृपक्षातलीच.

ते पान वाचून मला काय झालं हे नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. आजी गेली तो दिवस मला लख्ख आठवतो. पहिली कारवीही लख्ख आठवते: माझा नवा फ्रॉक फुलांच्या चिकट देठांना घासून उग्र वासाचा झाला होता, मधमाश्या सगळीकडे घोंघावत होत्या, आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या एका पोढीत, म्हणजे कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यात, वाकून पाहताना बाबांनी माझी वेणी मागून घट्ट धरून ठेवली होती. पण ही दोन्ही एकाच वर्षातली, हे चोवीस वर्षांत माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. माझ्या डोक्यात ती वेगवेगळी साठवलेली होती. आक्काची स्वतःची आई गेली होती, तरी आम्हा मुलांच्या वाट्याला तो दिवस तिने अख्खाच्या अख्खा येऊ दिला. तुमची पुतणी वर्षाची आहे, तिला यातलं काहीच आठवणार नाही, पण घरात तिच्याहून मोठी मुलं असतीलच. माझ्या "जा" मागे मुख्य कारण हे आहे.

काकांनी वही मिटली आणि विचारलं, "किती वाजता निघायचं?"

22 सप्टेंबरला आम्ही अकरा जण गेलो. त्याआधीच्या आठवड्यात कळलं की आक्का एकटी किती कामं करत होती. फोन चुलतभावाने केले, पार्क सोमवारी बंद असतं म्हणून ज्यांनी सोमवार सुचवला त्यांना परत परत सांगितलं. भिंग माझ्या पाच वर्षांच्या लेकीकडे दिलं. पुऱ्या आईने केल्या, आक्काच्याच पद्धतीच्या तिखटमिठाच्या: कणकेत मूठभर बेसन, ओवा, हळद, तिखट आणि कडकडीत मोहन, वर लिंबाचं गोड लोणचं. आक्काचा हिशेब माणशी सहा पुऱ्यांचा. आईने बहात्तर लाटल्या.

एक गोष्ट आमची चुकली, ती तुम्ही करू नका. चुलतबहिणीने आक्काची तसबीर आणि हार आणला होता. डबे उघडण्याआधी तसबीर झाडाला टेकवून ठेवली, आणि सगळे एकदम सभेला बसल्यासारखे बसले. मुलं कुजबुजायला लागली. पाच मिनिटांनी काकांनीच ती उचलून पिशवीत ठेवली, म्हणाले, "घरी आहे की ती भिंतीवर." मग लेकीने विचारलं, आक्का नेमकी कुठे बसायची? सगळ्यांनी वेगवेगळे कातळ दाखवले. त्यावरून वाद झाला, वादातून 2008 चा पाऊस निघाला, पावसातून आक्काची उडालेली छत्री निघाली, आणि काका बोलायला लागले ते बस येईपर्यंत थांबले नाहीत. रडलेही. पण तोवर रडणं सोपं झालं होतं. तेव्हा आजोबांचा फोटो नेऊ नका, त्यांची एखादी वस्तू न्या, जी हातात घेऊन वापरता येईल. काठी, टोपी, थर्मास, काहीही.

त्या रात्री वही कोणी लिहायची हा प्रश्न आला. बाबांनी लिहिलं. आक्काच्या गोल अक्षराखाली त्यांचं तिरकं अक्षर आहे: "22 सप्टेंबर 2024, रविवार. कान्हेरी. कारवी भरपूर. अकरा जण. पुऱ्या उरल्या."

कारवीची वाळलेली बोंडं पुढच्या पावसाच्या पहिल्या सरींनी भिजली की फट्‌फट् फुटतात आणि बिया लांब उडतात. आक्का म्हणायची, डोंगर लाह्या भाजतो. आम्ही ते कधी ऐकलं नव्हतं, कारण पावसाच्या सुरुवातीला कोण सहलीला जातं! 2025 मध्ये मुंबईत पाऊस 26 मेलाच आला. वर्षश्राद्ध व्हायचं होतं, तरी 1 जूनच्या रविवारी बाबा, काका आणि मी कान्हेरीला गेलो. बरीच बोंडं फुटून गेली होती. एका उतारावर मात्र राहिली होती. बाबा आणि काका, दोघंही सत्तरी ओलांडलेले, रेनकोट घालून माना तिरक्या करून ऐकत उभे होते. मी फोनवर आवाज टिपला, त्यात पावसाशिवाय काहीच ऐकू येत नाही.

आता तुमच्या पुतणीच्या वाढदिवसाचं. तो वेगळा काढून पुढे ढकलू नका, सहलीच्याच दिवशी करा. सकाळी निघण्याआधी घरीच औक्षण करा, आणि तबक आजींच्या हातात द्या. आजोबांशिवायचा पहिला वाढदिवस त्यांनाच सगळ्यात जड जाणार आहे, तर त्यांना बसवून ठेवून बाकीच्यांनी सगळं उरकू नये असं मला वाटतं. केक नेऊ नका. फुलांच्या दिवसांत डोंगरावर मधमाश्या फार असतात आणि लहान मुलाच्या तोंडाला गोड लागलेलं असतं. खीर घरी खाऊन निघा. आणि जो "नको" म्हणतोय त्याला आजोबांचं एखादं काम सांगून ठेवा, गाडी ठरवायचं म्हणा किंवा पाण्याचे कॅन भरायचं. नुसतं "चल" म्हटल्याने तो येणार नाही.