हार्ड डिस्क घेण्याआधी हिशोब करा

आपण घरी चार सीसीटीव्ही कॅमेरे बसवणार असाल, तर चित्रण साठवणाऱ्या डिस्कचा आकार दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नये. प्रतिसेकंद 2 मेगाबिट वेगाने अखंड चित्रण करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे 21.6 जीबी जागा घेतो. म्हणजे चार कॅमेऱ्यांत 1 टीबीची डिस्क साधारण साडेअकरा दिवसांत भरते आणि मग जुने चित्रण पुसून त्यावर नवे साठू लागते. उन्हाळ्यात महिनाभर गावी जाणाऱ्यांना ते अपुरे आहे. चित्रण दाबून साठवण्याची एच.265 ही पद्धत जुन्या एच.264 ऐवजी निवडल्यास तितक्याच स्पष्टतेला जवळपास निम्मी जागा पुरते, मात्र बिटरेटही (म्हणजे वर सांगितलेला प्रतिसेकंद मेगाबिटचा वेग) त्यानुसार कमी करावा. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, म्हणून रेकॉर्डर (डिस्क बसवलेली पेटी) माळ्यावर न कोंडता हवेशीर खोलीत, परंतु कूलरच्या दमट झोतापासून दूर ठेवावा.