वाचकांचे प्रश्न : गुप्तवार्तेच्या कार्यालयात चित्रकाराचे काम काय?

प्रश्न : मी कोल्हापुरात उपयोजित कलेचे शिक्षण घेतले असून सध्या एका जाहिरात संस्थेत साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल, कुस्ती मैदानांची पोस्टर्स आणि दुकानांचे फलक तयार करतो. परदेशी गुप्तचर यंत्रणा ग्राफिक डिझायनर नेमतात, असे वाचनात आले. तेथे त्यांना नेमके काय करावे लागते? आपल्याकडे असा मार्ग आहे का? आणि जे काम कोणाला दाखवता येत नाही, त्यात कलावंताची वाढ खुंटत नाही का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : हे काम नवे नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तचर संघटनेत नकाशे आणि सादरीकरण यांसाठी स्वतंत्र शाखा होत्या. वास्तुरचनाकार ईरो सारिनेन तेथे होते, आणि १९४५ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेसाठी ज्या चिन्हाची रचना झाली व ज्यातून पुढे संयुक्त राष्ट्रांचे बोधचिन्ह घडले, ते तेथीलच डोनाल मॅकलॉफलिन यांचे काम होते.

रोजचे काम मात्र चिन्हे घडवण्याचे नसते. विश्लेषकाने जमवलेली माहिती, जिच्याकडे पाहायला वरिष्ठांना जेमतेम चार मिनिटे मिळतात, ती नकाशा, कालपट, व्यक्तिसंबंधांचा आलेख किंवा खुणा केलेले हवाई छायाचित्र या रूपात मांडायची असते. १९६२ साली क्युबातील क्षेपणास्त्र तळांची छायाचित्रे पुढे आली, तेव्हा अनभ्यस्त डोळ्यांना त्यांत साफ केलेल्या जमिनीपलीकडे फारसे काही दिसत नव्हते. बाण आणि नावे पडल्यावर त्यांचा अर्थ लागला.

याच ठिकाणी या व्यवसायाची खरी जबाबदारी आहे, आणि मला आपल्याला मुख्यतः तेच सांगायचे आहे. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराकच्या तथाकथित फिरत्या जैविक प्रयोगशाळांची रेखाचित्रे दाखवली. त्या गाड्यांची छायाचित्रे नव्हती. प्रामुख्याने एका खबऱ्याच्या सांगण्यावरून त्या रेखाटल्या होत्या, आणि पुढे ती माहिती खोटी ठरली. ऐकीव वर्णनाला रेखीव कडा, टाक्या आणि नळ्या मिळाल्या, की पाहणाऱ्याला ती वस्तू कोणीतरी डोळ्यांनी पाहिली आहे असे वाटू लागते. वाक्यात ‘बहुधा’ लिहिता येते. चित्रात तो ‘बहुधा’ चित्रकारालाच घालावा लागतो. जाहिरातीत आपण शंका झाकायला शिकतो, येथे ती ठळकपणे दाखवायची असते, आणि माझ्या मते हा बदल कोणतेही नवे सॉफ्टवेअर शिकण्यापेक्षा कठीण आहे.

याचा सराव आपल्याला कोल्हापुरात बसून करता येईल. पंचगंगेच्या पुराचा, जिल्हाधिकाऱ्यांना एका नजरेत कळेल असा, एकपानी नकाशा तयार करा. राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी हे मोजमाप आहे. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे निश्चित आहे. चिखली किंवा आंबेवाडीतून आलेला ‘पाणी गल्लीत शिरले’ हा फोन ही खबर आहे, आणि उद्या सकाळी पाणी कोठवर येईल हा अंदाज. मोजलेले सलग रेषेने, ऐकलेले तुटक रेषेने आणि अंदाजाचे विरळ छटेने दाखवा. प्रत्येक खबरेशेजारी ती मिळाल्याची वेळ लिहा. मग त्या पानाची काळी-पांढरी झेरॉक्स काढा. तिन्हींतला फरक झेरॉक्सवर दिसेनासा झाला, तर नकाशा पुन्हा काढावा लागेल, कारण केवळ लाल-हिरव्या रंगांवर विसंबलेला नकाशा छपाईत आणि रंगांधळ्या वाचकापुढे निकामी ठरतो.

आता प्रवेशाविषयी. अमेरिकी यंत्रणांत नोकरीसाठी त्या देशाचे नागरिकत्व अनिवार्य असल्याने तो मार्ग आपल्यासाठी बंद आहे. आपल्याकडे इंटेलिजन्स ब्युरोतील सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी या पदाची जाहिरात केंद्रीय गृहमंत्रालयामार्फत निघते आणि कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. मात्र ती निवड सर्वसाधारण परीक्षेवर होते, चित्रकलेवर नाही. पदविका असेल, तर आधी पदवी पूर्ण करा. हेच कौशल्य उघडपणे वापरायचे असेल, तर उपग्रह छायाचित्रांवरून पूरनकाशे करणारे हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र किंवा आपत्ती व्यवस्थापनाची कार्यालये यांचा विचार करा, आणि त्यासाठी क्यूजीआयएस ही विनामूल्य नकाशाप्रणाली आजपासूनच शिकायला घ्या.

शेवटच्या प्रश्नातील काळजी रास्त आहे. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आणि गुप्तवार्ता संघटनांतील कर्मचाऱ्यांच्या हक्कांवर मर्यादा घालणारा १९८५ चा कायदा यांमुळे तेथील काम घरी नेता येत नाही, आणि वृत्तपत्रांशी बोलण्यावरही बंधने असतात. चित्राखाली सही नसते, प्रदर्शन नसते, दहा वर्षांनी नोकरी बदलताना दाखवायला पोर्टफोलिओ नसतो. परंतु आपले चित्र विश्लेषक रोज तपासतो, वरिष्ठ त्यावर उलट प्रश्न विचारतात, आणि अशी चिकित्सा फलकांच्या धंद्यात क्वचितच वाट्याला येते. म्हणून वाढ खुंटेलच असे मी म्हणणार नाही. ती बाहेरच्यांना दिसणार नाही, एवढे खरे. प्रदर्शनातली दाद ही आपली गरज असेल, तर या वाटेला जाऊ नका. जाणार असाल, तर पूरनकाशासारखी सार्वजनिक माहितीवरची कामे आताच करून ठेवा, कारण पुढे दाखवता येतील अशी तीच राहतील.