जुनी की नवी? आधी गाडीखाली वाकून बघ

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा नुसता आनंद झाला. माझदा एमएक्स-५चं, त्या दोन सीटांच्या, छत उघडणाऱ्या स्पोर्ट्स कारचं नाव निघालं की माझं हातातलं काम बाजूला पडतं, हे तुला ठाऊक आहे. दुसऱ्यांदा वाचताना मात्र काळजी वाटली. १९९० ची पहिल्या पिढीची एनए घ्यावी की २०१९ ची चौथ्या पिढीची एनडी, हे ठरवायला तू केवढा मोठा तक्ता केला आहेस! वजन, ताकद, शून्य ते शंभर किती सेकंदांत. पण जी गाडी तू शनिवारी बघायला जाणार आहेस, ती त्या तक्त्यात कुठेच नाही.

पाच-सात वर्षांच्या दोन एनडी शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर त्यांच्यात एकोणीस-वीसचाच फरक असतो. तिथे मॉडेल निवडलं की निम्मं काम झालं. पस्तीस वर्षांच्या दोन एनए एकाच आठवड्यात कारखान्यातून बाहेर पडल्या असल्या, तरी आज सख्ख्या बहिणी वाटत नाहीत. एक कोरड्या गॅरेजमध्ये राहिली, दुसरी उघड्यावर भिजली. एकीच्या मालकाने वेळच्या वेळी तेल बदललं, दुसरीचे सहा मालक झाले आणि प्रत्येकाने तिच्या वायरिंगला हात लावला. म्हणून 'एनए चांगली का?' असं मला विचारू नकोस. 'ही एनए चांगली का?' असं विचार आणि त्याचं उत्तर स्वतः वाकून शोध.

तुझा एक गैरसमज आधी काढतो. 'जुनी गाडी हलकी, नवी जड' हे बहुतेक स्पोर्ट्स कारच्या बाबतीत खरं आहे. पोर्श ९११ बघ, आज ती पहिल्या पिढीपेक्षा बरीच लांब, रुंद आणि जड आहे. एमएक्स-५ने हा नियम मोडला. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिली एनए लोकांसमोर आली, तेव्हा तिचं वजन साडेनऊशे किलोंच्या आसपास होतं. २०१५ मध्ये विक्रीला आलेली एनडी एअरबॅग, स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि मजबूत सांगाडा असं सगळं पोटात घेऊनही जपानमध्ये १.५ लिटर इंजिनासह ९९० किलोंत बसली. लांबीला तर ती एनएपेक्षा थोडी आखूडच आहे. दोन्ही गाड्यांत गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल यांना जोडणारी ती ॲल्युमिनियमची लांब चौकट आहे. तिच्यामुळे ॲक्सिलरेटरवर पाय ठेवताच मागची चाकं लगेच हुकूम ऐकतात. स्वार आणि घोडा एकजीव, या अर्थाचे 'जिंबा इत्ताई' हे शब्द माझदावाले वापरतात. ते दोन्ही पिढ्यांना लागू पडतात.

मग फरक कशात आहे? हातांत.

पॉवर स्टीअरिंग नसलेली एनए एकदा चालवून बघ, पार्किंगमधून बाहेर काढण्यापासून. जागच्या जागी स्टीअरिंगचं चाक फिरवताना खांदे भरून येतात. गाडीने थोडा वेग घेतला की तेच चाक जिवंत होतं. रस्त्यावरची भेग, खडी, उतार हे सगळं तळहाताला कळतं. वळणात शिरलास की चाक हळूहळू जड होत जातं. पुढच्या टायरांची पकड संपत आली की तो जडपणा अचानक ओसरतो आणि चाक हलकं पडतं. गाडी अजून घसरलेली नसते, पण तिने तुला सांगितलेलं असतं. त्या एका क्षणासाठी मी माझी एनए अकरा वर्षं सांभाळली.

एनडीचं स्टीअरिंग विजेच्या मोटरवर चालतं. अचूक आहे, चपळ आहे, पण ही कुजबुज तिथे अर्धीच ऐकू येते. त्याची भरपाई ती अंगाने करते. वळणात ती चांगलीच कलते. नवखा माणूस घाबरतो, पण त्या कलण्यातूनच वजन कुठे गेलं हे पाठीला समजतं. तुझ्या तक्त्यात तू हे 'दोष' म्हणून लिहिलं आहेस. तो रकाना खोडून टाक.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण ती तुझ्या हातून होऊ नये असं मला मनापासून वाटतं. एनए घेतली तेव्हा टायरांची नक्षी खोल दिसत होती. मी खूश झालो, टायरचा खर्च वाचला म्हणून. तिसऱ्या आठवड्यात पावसाची पहिली सर आली. ओळखीचं डावं वळण, वेग जेमतेम पन्नास. ॲक्सिलरेटर किंचित लवकर दाबला आणि मागचं टोक सुटलं. चाक उलट फिरवलं, पण उशीर झाला होता. गाडी गरकन फिरून रस्त्याच्या मधोमध उलट्या तोंडाने थांबली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून आज हे पत्र लिहितो आहे. घरी येऊन टायरच्या भिंतीवरचा आकडा वाचला. शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. समजा '२३१५' असेल, तर २०१५ चा तेविसावा आठवडा. माझ्या गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते. फार न फिरल्यामुळे झिजले नव्हते, पण रबर कडक होऊन गेलं होतं. नखाने दाबलं तर दबत नव्हतं.

असं घडतं तेव्हा एनएमध्ये तुला सावरायला कोणी नाही. स्थिरता राखणारी यंत्रणा नाही. ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारं एबीएस काही गाड्यांत आहे, पुष्कळ गाड्यांत नाही. एअरबॅगचंही तसंच. उलटलीच तर डोक्यावर कापड आणि समोर काचेची बारीक चौकट, एवढंच. एनडी एखादं चाक क्षणभर ब्रेकने धरते आणि तुझी चूक पोटात घालते. गाडी शिकवते ती चुकीतून, हे खरं. पण ती चूक झेलणारी गाडी असेल तर पुढचा धडा घ्यायला माणूस शिल्लक राहतो. यावर मला वाद नको आहे.

एनए बघायला जाशील तेव्हा इंजिनाच्या प्रेमात लगेच पडू नकोस. ते १.६ लिटरचं इंजिन चिवट आहे, दुरुस्त होतं, गरज पडली तर दुसरंही मिळतं. जीव घेतो तो गंज. कापडी छताच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत, सीटमागे, पाणी वाहून जायची भोकं असतात. छतावरचं पाणी त्यांतून नळ्यांवाटे खाली, मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडतं. पानं आणि धूळ साचून ती तुंबली की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात उतरतं आणि तिथेच मुक्काम करतं. बाहेर रंग चकचकीत आणि आतून पत्रा वाळलेल्या पापडासारखा. म्हणून मागच्या चाकाच्या अगदी पुढे, दाराखालच्या पट्टीवर अंगठ्याने दाबून बघ. दबलं, करकरलं, किंवा रंगाला फोड दिसला, तर आत बरंच काही गेलंय असं समज. सीटमागचा गालिचा हाताने चाचप, ओल लागते का बघ. डिकीत बॅटरी असते, तिच्याखालचा पत्राही उघडून बघ. गाडी लिफ्टवर चढवायला मालक नाही म्हणाला तर 'बरं' म्हणून परत ये.

इंजिनात दोन-तीन गोष्टी बघायच्याच. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारा रबरी पट्टा, लाखभर किलोमीटरला बदलायचा असतो. पण गाडी कमी फिरली असली तरी रबराचं वय मोजावंच लागतं, म्हणून बिल मागून तारीख वाच. रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी मुळात काळी असते. ती तपकिरी पडली असेल तर तडकायच्या बेतात आहे. आणि तुझी गाडी १९९० ची, म्हणजे क्रँकशाफ्टचं (इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याचं) पुढचं टोक आखूड असलेल्या सुरुवातीच्या इंजिनांपैकी. ती ओळखायची खूण म्हणजे क्रँकच्या पुलीवरच्या खाचा. चार असतील तर आखूड टोक, आठ असतील तर १९९१ मध्ये सुधारलेलं लांब. आखूड टोकाची सगळीच इंजिनं बिघडत नाहीत, पण पुढचा बोल्ट नीट कसला गेला नसेल तर पुली धरून ठेवणारी, दांड्यावरची खाच झिजते. इंजिन चालू असताना समोरून पुलीकडे एकटक बघ. ती डगमगताना दिसली तर तिथेच थांब. सकाळच्या थंडीत दुसरा गिअर अडून बसला तर मात्र घाबरू नकोस, तेल गरम झालं की सुटतो, तो तिचा स्वभावच आहे. गरम झाल्यावरही कुरकुरला तर सिंक्रो, म्हणजे गिअरचा वेग जुळवणारी कडी, गेलीय.

एनडीत हे काहीच बघावं लागत नाही असं नाही. सुरुवातीच्या वर्षांतल्या काही गाड्यांच्या गिअरबॉक्सबद्दल तक्रारी होत्या आणि कंपनीने नंतर आतले भाग सुधारले. तू बघतो आहेस ती २०१९ ची, त्यामुळे इंजिनही नवं मिळेल. २०१८ मध्ये २ लिटरचं इंजिन १६० वरून १८४ पीएसवर (अश्वशक्तीवर) गेलं, मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांपर्यंत फिरू लागलं आणि स्टीअरिंग पुढे-मागे सरकवायची सोय आली. तू उंच आहेस, तुला ती सोय लागणारच. १.५ लिटरची दिसली तर तिलाही कमी लेखू नकोस. नाक हलकं असतं आणि इंजिन पिळून काढायची मजा रोजच्या वेगातही मिळते.

दुसऱ्या पिढीबद्दल थोडक्यात. १९९८ ची एनबी म्हणजे बरीचशी एनएच, फक्त उघडझाप करणारे दिवे गेले आणि मागे प्लास्टिकऐवजी काच आली. गंज तिलाही तितकाच खातो, पुढच्या चेसिसच्या दांड्यांत तर जास्तच. तिसऱ्या पिढीबद्दल मात्र मला बोलू दे, कारण तुझ्या तक्त्यात ती नाही आणि ही तुझी खरी चूक आहे. २००५ ची एनसी 'जाडी' म्हणून बदनाम झाली. थोडी मोठी आहे, अकराशे किलोंच्या आसपास जाते. पण तिचं स्टीअरिंग अजून तेलाच्या दाबावरचं आहे, इंजिनात बेल्टऐवजी चेन आहे आणि माणसाला पाय पसरायला जागा आहे. दुमडणाऱ्या कडक छताचीही मिळते. एनएची कुजबुज आणि एनडीचा भरवसा, दोन्ही थोडं थोडं हवं असेल तर ही एकदा चालवून बघच. लोक तिच्याकडे वळून बघत नाहीत म्हणून चांगल्या अवस्थेतली अजून सापडते.

आता तुझ्याबद्दल. तुझ्याकडे ही एकच गाडी असणार. रोज कामावर तीच नेणार. रात्री ती झाडाखाली, उघड्यावर उभी राहणार. पाना तू आजवर सायकलपुरताच धरलास. हे सगळं तूच लिहिलं आहेस आणि वाईट त्यात काहीच नाही. पण अशा घरात एनए आली तर पहिल्या पावसाळ्यात त्या भोकांत पानं साचतील, दुसऱ्यात पत्रा जाईल आणि तिसऱ्यात तू तिला वैतागून विकशील. तिच्यावर इतका जीव असताना असं व्हावं हे मला बघवणार नाही. एनए माणसाकडून वेळ मागते. रविवारची सकाळ, काळे झालेले हात, एखाद्या रबरी नळीसाठी महिनाभर वाट बघणं. २०१७ मध्ये माझदाने स्वतः जपानमध्ये पहिल्या पिढीचे काही सुटे भाग पुन्हा बनवायचं आणि जुन्या गाड्या उभ्या करून द्यायचं जाहीर केलं, त्यामुळे ही गाडी अजून पुष्कळ वर्षं टिकेल. तिची घाई नाही.

म्हणून माझं मत विचारशील तर आता एनडी घे, किंवा चांगली मिळाली तर एनसी. ती भरपूर चालव, तिची सर्व्हिस करताना शेजारी उभा राहून बघ, तेल बदलायला स्वतः शिक. छप्पर असलेली जागा आणि दुसरी गाडी हाताशी आली की मग एनए शोधायला आपण दोघं मिळून जाऊ.

तरीही शनिवारी ती १९९० ची बघायला जाच. ठरलेली भेट मोडू नकोस आणि चालवल्याशिवाय परत येऊ नकोस. नंतर ज्या गाडीत बसशील तिचं स्टीअरिंग कशाशी ताडून बघायचं, हे हाताला एकदा कळलं पाहिजे. जाताना टॉर्च ने, जुने कपडे घाल. आणि आदल्या रात्री मालकाला फोन करून एवढंच सांग, की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचलास की आधी बॉनेटवर तळहात ठेव. ते गार लागलं, तरच किल्ली माग.

कसं झालं ते त्याच दिवशी कळव. रात्री कितीही उशीर झाला तरी मी जागा असेन.

तुझा,
काका