मेंदूतील गाठीची सीमा संगणकाने आखली, तर शस्त्रक्रियेच्या नियोजनात तिच्यावर किती विसंबावे?

पहिला मसुदा म्हणून अवश्य विसंबावे, अंतिम सीमा म्हणून नव्हे. २०१५ साली मांडलेल्या यू-नेटसारख्या न्यूरल नेटवर्कच्या (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकप्रणालीच्या) रचना एमआरआयच्या टी१, कॉन्ट्रास्टसह टी१, टी२ आणि फ्लेअर अशा वेगवेगळ्या प्रकारच्या प्रतिमा एकत्र वाचून प्रत्येक व्हॉक्सेल (त्रिमितीय प्रतिमेचा सर्वांत लहान घनाकार ठिपका) गाठीचा, मृत ऊतींचा, सुजेचा की निरोगी भागाचा हे ठरवतात, आणि हाताने आखण्याचा बराच वेळ वाचतो. मात्र डाइस गुणांक (संगणकाची आणि तज्ज्ञाची आखणी किती जुळते याचे माप; पूर्ण जुळल्यास १) ०.९ आला, तरी उरलेली चूक नेमकी वाचाकेंद्राच्या कडेला असू शकते, आणि शल्यविशारदाच्या दृष्टीने तीच सर्वांत नाजूक जागा होय. ग्लायोमाच्या (मेंदूतील गाठीच्या एका प्रकाराच्या) पेशी तर प्रतिमेत दिसणाऱ्या कडेपलीकडेही पसरलेल्या असतात. शिवाय कवटी उघडल्यावर मेंदू काही मिलिमीटर, कधी त्याहूनही अधिक सरकतो. त्यामुळे आधी आखलेली सीमा शस्त्रक्रियेदरम्यान पुन्हा पडताळावीच लागते.